मीटरच्या खोलीतले लाल ठिपके

'अर्थ अवर', म्हणजे वर्षातून एकदा जगभर तासभर दिवे मालवण्याचा उपक्रम, २०२४ साली होळीच्या आदल्या रात्री आला होता. २३ मार्च, शनिवार. रात्री साडेआठ ते साडेनऊ घरातले दिवे मालवायचे असे आमच्या पुण्यातल्या सोसायटीने ठरवले होते आणि त्याची सूचना लिहून लिफ्टच्या दाराशी चिकटवण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले होते. साडेआठला खाली शिट्टी वाजली आणि ८४ बिऱ्हाडांच्या खिडक्या एकामागून एक विझत गेल्या. मुलांनी आरोळ्या ठोकल्या. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर जवळजवळ पूर्ण भरलेला चंद्र आला होता. कुंपणालगतच्या कडुलिंबाला मोहोर होता आणि त्याचा कडवट गोडसर वास, जो इतकी वर्षे दिव्यांच्या झगमगाटात कधी लक्षातच आला नव्हता, तो त्या अंधारात अंगावर येत होता. वरच्या टाकीतून पाणी ओसंडून भिंतीवरून खाली पडत होते, त्याचाही आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मेणबत्त्यांच्या वर्तुळात माझी आठ वर्षांची मुलगी गुडघ्यांना मिठी घालून बसली होती आणि एवढ्या शांतपणे बसलेली मी तिला क्वचितच पाहिले आहे. तो तास मला मनापासून आवडला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून माझ्या मनात त्या रात्रीविषयी कडवटपणा आहे असे कोणाला वाटू नये.

अण्णा मात्र त्यांच्या खुर्चीवर नव्हते. माझे वडील तेव्हा सत्तरीला टेकले होते, गुडघे दुखत होते, त्यामुळे अंधारात ते कुठे गेले असतील या काळजीने मी शोधत निघाले, तेव्हा ते जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत उभे सापडले. जाळीचे दार अर्धवट लोटलेले, आत धुळीचा आणि कोमट वायरींचा वास, आणि समोर भिंतभर लाल ठिपके. प्रत्येक मीटरवर एक बारीकसा लाल दिवा असतो. एरवी ट्यूबच्या उजेडात त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्या रात्री खोलीतली ट्यूबही बंद असल्यामुळे ते सगळे ठिपके एकदम दिसत होते आणि प्रत्येकाचा ठेका निराळा होता. काही सावकाश, मधूनच आठवण झाल्यासारखे लुकलुकत होते. काही थांबतच नव्हते. अण्णांनी मनगटावरचे घड्याळ डोळ्यांजवळ धरले होते आणि ते ओठांतल्या ओठांत मोजत होते. मला पाहून म्हणाले, "बघ, लाईट बंद झालेत. पण लाईट गेलेली नाही."

मग त्यांनी मला मोजायला शिकवले. आमच्या मीटरवर एका युनिटसमोर ३२०० ही संख्या छापलेली आहे, म्हणजे ठिपका ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज घरात शिरली. घरात फक्त फ्रिज आणि इतर बारीकसारीक, मिळून शंभर वॅटच्या आसपास चालू असेल तर ठिपका साधारण अकरा सेकंदांनी एकदा लुकलुकतो. नऊ वॅटचे चार एलईडी दिवे तेवढे लागलेले असतील तर अर्ध्या मिनिटाने एकदा. दीड किलोवॅटचा एसी चालू असेल तर तीन सेकंदांत चार वेळा. त्या भिंतीवर असे न थांबणारे ठिपके मी मोजले, ते एकोणीस भरले. त्यांतला एक आमचा होता. कार्यक्रम आटोपून वर गेल्यावर मुलीची खोली गार मिळावी म्हणून एसी मीच चालू ठेवून आले होते, आणि सूचना लिहिताना, ती चिकटवताना, घरातले दिवे एकेक करून मालवताना त्याची मला एकदाही आठवण झाली नव्हती.

अण्णा त्यावर काही बोलले नाहीत.

मी एसी बंद करायला वर निघाले. जिन्यातले दिवेही आम्ही मालवले होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चौथ्या मजल्यावर स्वयंपाक करणाऱ्या मावशी भेटल्या. दोन्ही हातांत डब्यांच्या पिशव्या होत्या आणि मोबाइल दातांत धरून त्याच्या उजेडात त्या एकेक पायरी पायाने चाचपत उतरत होत्या. मी एक पिशवी घेतली, त्यांच्याबरोबर पुन्हा खालपर्यंत आले. त्या तक्रारीच्या सुरात बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "ताई, जिन्यातले दोन तरी ठेवायचे होते." मीटरच्या खोलीतले ते ठिपके आणि दातांत धरलेला तो मोबाइल ही दोन दृश्ये गेली दोन वर्षे माझ्या मनातून जात नाहीत. होळी झाली, रंग झाला, उन्हाळा पुढे सरकला, तरी ती सलत राहिली. आपण नेमके काय मालवले होते, हा प्रश्न मला सोडत नव्हता.

अण्णांच्या त्या एका वाक्यात मराठी माणसाला कळण्यासारखी एक गोष्ट आहे. आपण विजेलाच लाईट म्हणतो. लाईट गेली, लाईट आली, लाईट बिल भरले, या आठवड्यात शेताला लाईट रात्रीची आहे. दिव्याला म्हणताना तो शब्द पुल्लिंगी असतो आणि विजेला म्हणताना स्त्रीलिंगी होतो, एवढाच काय तो फरक. हा शब्द जेव्हा गावात शिरला तेव्हा वीज म्हणजे घराच्या आढ्याला लोंबणारा एक पिवळा बल्ब, याहून तिचे दुसरे रूप बहुतेकांनी पाहिलेलेच नव्हते. त्यानंतर पंखा आला, मिक्सर आला, फ्रिज आला, गिझर आला, विहिरीवर मोटार बसली, आणि आता भिंतीवर एसी आला. पण शब्द तोच राहिला आणि शब्दाबरोबर मनातले चित्रही तेच राहिले. वीज वाचवायची म्हटले की हात दिव्याच्या बटणाकडे जातो. दिवा डोळ्यांना दिसतो, तो विझलेलाही दिसतो, त्याचा फोटो काढता येतो. उष्णता, गारवा, वर चढवलेले पाणी, यांतली वीज दिसत नाही, म्हणून कोणत्याही शपथेत तिचे नाव येत नाही.

अण्णा वीज मंडळात ऑपरेटर होते. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर ३३ केव्हीचे उपकेंद्र, त्याला लागून दोन खोल्यांचे क्वार्टर, आणि अंगणाऐवजी गिट्टी पसरलेले तारेच्या कुंपणातले यार्ड, अशा जागी माझे बालपण गेले. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण रात्रभर चालायची. ती थांबली की आम्हाला जाग यायची. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा जडसर वास अण्णांच्या शर्टाला कायम असे. ट्रान्सफॉर्मरला लावलेल्या काचेच्या नळीत निळे खडे असायचे, हवेतली ओल शोषून ते गुलाबी झाले की बदलायचे, आणि रंग पालटल्याची बातमी अण्णांना देण्याचे काम माझ्याकडे होते. दर तासाला ते लॉगशीटमध्ये प्रत्येक फीडरचे, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे निघणाऱ्या प्रत्येक वाहिनीचे, अँपिअर लिहीत. आकडा वाढला की त्यांच्या कपाळावर आठी पडे आणि फार घटला की त्याहून मोठी पडे, कारण त्याचा अर्थ कुठे तरी तार तुटली असण्याचा होता. पुढे २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, पाटी बदलली, पण गावातले लोक अण्णांना शेवटपर्यंत 'बोर्डाचे साहेब' म्हणत राहिले.

ती भारनियमनाची वर्षे होती. मी दहावीला होते तेव्हा आमच्या भागात दिवसाचे दहा-बारा तास वीज नसे आणि ती बंद करणारा हात माझ्या वडिलांचा असे. वरच्या उपकेंद्रातून फोन येई, अण्णा वेळापत्रकाचा कागद पाहत, घड्याळ पाहत आणि ब्रेकर पाडत. 'धाड' असा कोरडा आवाज होई आणि खिडकीतून दिसणारे गाव नाहीसे होई. कधी कुंपणाबाहेर शेतकरी येऊन उभे राहत. वाफा अर्धा राहिलाय, साहेब, अर्धा तास द्या. अण्णांच्या हातात तो अर्धा तास नसायचा. ते बाहेर जाऊन लोकांसमोर उभे राहत, शिव्या ऐकून घेत आणि परत येऊन लॉगशीटमध्ये वेळ लिहीत. मी कंदिलाशी बसून भूमितीची प्रमेये पाठ करत असे, काच काजळी धरत असे, आणि बाहेर सबंध पंचक्रोशी अंधारात असे. त्या अंधाराने वातावरणात जाणारा धूर किती कमी केला असेल याचा हिशेब कधी कोणी मांडला नाही. त्याला नाव नव्हते, शपथ नव्हती. तो कागदावरच्या वेळापत्रकाप्रमाणे येई आणि नेमका ज्यांच्याकडे विजेचा वापर सगळ्यांत कमी होता त्यांच्याच वाट्याला सगळ्यांत जास्त येई.

त्या काळातली खरी ऊर्जाबचत मी पाहिली ती अगदी निराळ्या जागी. मोटारींना लागणारी थ्री फेज वीज येईल तेव्हा शेतात कोणी हजर असेलच असे नसल्यामुळे बहुतेकांनी मोटारींना ऑटोस्विच बसवलेले असत. वीज आली रे आली की एका डीपीवरच्या, म्हणजे शेतातल्या एका छोट्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठत, व्होल्टेज कोसळे, आणि एखाद्या दिवशी डीपीच जळून जाई. मग नवी डीपी येईपर्यंत आठ-पंधरा दिवस पिके तशीच उभी. अण्णा सुटीच्या दिवशी सायकल काढून वस्त्यांवर जात आणि लोकांना एवढेच सांगत, की ऑटोस्विच काढा आणि मोटारीला कॅपॅसिटर बसवा. कॅपॅसिटर हा एक मुठीएवढा डबा. तो बसवला की मोटार तेच काम तारांतून कमी प्रवाह ओढून करते, तारा कमी तापतात, डीपीवरचा भार उतरतो. काही लोक ऐकत, बरेच ऐकत नसत. ज्यांनी बसवले त्यांच्या फीडरचा अँपिअरचा आकडा पुढच्या हंगामात लॉगशीटवर उतरलेला अण्णांनी मला बोट ठेवून दाखवला होता. तो कागद पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला आजही दिसतो.

अर्थ अवर सुरू झाला तो ३१ मार्च २००७ रोजी सिडनीत, वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर या संस्थेच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेच्या पुढाकाराने, आणि भारतात तो २००९ पासून पाळला जातो. दिल्लीत इंडिया गेट आणि आपल्याकडे मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीवरचे दिवे त्या तासापुरते मालवलेले आपण दरवर्षी पाहतो. या तासात वाचणारी वीज हा उपक्रमाचा हेतूच नाही, लोकांचे लक्ष वेधणे हा हेतू आहे, असे आयोजक स्वतः प्रामाणिकपणे सांगत आले आहेत, आणि त्यांच्यावर न केलेल्या दाव्याचा आरोप करणे अन्यायाचे होईल. पण आपल्याकडे दुसऱ्या दिवशी बातमी येते ती मेगावॉटचीच. २०२४ च्या त्या तासात दिल्लीत २०६ मेगावॉट वाचल्याचे वर्तमानपत्रात छापून आले होते. त्याच वर्षी १९ जूनला दिल्लीची मागणी ८,६५६ मेगावॉटवर गेली. मी कागदावर भागाकार केला. मार्चमध्ये सबंध तासभर दिवे मालवून जी वीज वाचली, ती जूनमधल्या त्या दुपारी दिल्लीने दीड मिनिटाच्या आत वापरली होती. ती दुपार मौजेची नव्हती. त्या दिवसांत उष्माघाताने माणसे मरत होती, आणि एसी लावणाऱ्याला मी कोणत्या तोंडाने दोष देणार? मला खुपते ते इतकेच, की मार्चमधले ते समाधान जूनपर्यंत पुरत नाही आणि तरीही आपण ते पुरेसे मानतो.

मेणबत्तीचाही हिशेब मी नंतर केला. बाजारात मिळणारी मेणबत्ती खनिज तेलापासून काढलेल्या मेणाची असते. ती तासाभरात पाच ग्रॅम जळली तरी पंधरा ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते. आपल्या देशात एका युनिट विजेमागे साधारण सातशे ग्रॅम धरले तर नऊ वॅटचा एलईडी दिवा तासभर लावल्याने सहा-सात ग्रॅम होतात. आम्ही त्या रात्री दिवा मालवला आणि त्याच्या दुप्पट धूर करणारी ज्योत लावली, सद्भावनेने लावली, मुलांना पृथ्वीविषयी प्रेम वाटावे म्हणून लावली.

सामूहिकपणे दिवे मालवण्यात ताकद नसते असे मात्र मी म्हणू शकत नाही, कारण ती ताकद मी एकदा अण्णांच्या शेजारी बसून पाहिलेली आहे. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे देशभर दिवे मालवले गेले. तो पर्यावरणाचा उपक्रम नव्हता, टाळेबंदीतला धीर देण्याचा होता, पण वीज यंत्रणेला हेतू कळत नाही. आदल्या दोन दिवसांपासून अण्णा अस्वस्थ होते. मागणी एकदम पडली तर वारंवारिता, म्हणजे विजेच्या प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तने, वर जाते, मागणी एकदम उसळली तर खाली येते, आणि ती पन्नासच्या आसपास टिकली नाही तर वीजकेंद्रांतले संच एकामागून एक बंद पडत जातात, हे त्यांनी आयुष्यभर उरात बाळगलेले भय होते. फक्त दिवे मालवा, पंखे आणि फ्रिज चालू ठेवा, रस्त्यांवरचे दिवे चालूच राहतील, असे सरकारने आवर्जून सांगितले होते. यंत्रणा सांभाळणाऱ्यांचा अंदाज बारा-तेरा हजार मेगावॉटच्या घसरणीचा होता. प्रत्यक्षात देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे १ लाख १७ हजार मेगावॉटवरून ८५ हजारांच्या जवळ आली. अण्णा अंधारात बसून मोबाइलवर वारंवारितेचा आकडा पाहत होते आणि दारात आईने लावलेल्या पणत्यांचा उजेड त्यांच्या चष्म्यावर हलत होता. कोळशाच्या भट्ट्यांना एवढ्या थोड्या वेळात झुकता येत नाही. तो भार प्रामुख्याने जलविद्युत केंद्रांनी पेलला, आधी भराभर निर्मिती उतरवून आणि मग तितक्याच वेगाने चढवून. सव्वानऊच्या सुमारास आकडा पुन्हा पन्नासला लागला तेव्हा अण्णांनी मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाले, "धरून ठेवलं पोरांनी." त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटले, त्यांना यंत्रणा वाचल्याचा आनंद झाला आहे. थोड्या वेळाने ते म्हणाले, की एवढ्या लोकांनी एकाच वेळी एकच बटण दाबलेले त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. हे लोक ऐकतात, मग आपण त्यांना रोजचे काही का सांगत नाही, असे ते अंधाराकडे पाहत म्हणाले. त्याचे उत्तर मला तेव्हा सुचले नाही.

वीज येते कुठून, हे आम्हा उपकेंद्राच्या पोरांना ठाऊक होते, पण ती जिथे तयार होते तिथला दिवस कसा असतो हे मला मावसबहिणीकडे चंद्रपूरला गेल्यावर कळले. तिचे घर औष्णिक केंद्राच्या बाजूला आहे, आणि त्या केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॉट आहे. मी गेले तो एप्रिल होता. ती पहाटे कुरडया घालायची, त्यांवर जुने सुती लुगडे पसरायची आणि ऊन चढताच सगळे उचलून घरात आणायची. दारातल्या तुळशीच्या पानावर तिने बोट फिरवले आणि मला दाखवले. बोट काळपट झाले होते. घशात सतत काहीतरी अडकल्यासारखे वाटत होते, आणि दोरीवरचे पांढरे कपडे संध्याकाळी पांढरे राहत नव्हते. एका युनिटमागे साधारण पाऊण किलो कोळसा जळतो आणि आपल्या कोळशात तिसरा हिस्सा तरी राख असते. वीज तारेतून निघून जाते. राख तिथेच राहते. चंद्रपूरहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची एक थेट वाहिनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टाकली गेली, ती पंधराशे मेगावॉटपर्यंत वीज मुंबईच्या दिशेने वाहून आणू शकते. त्या तारेच्या एका टोकाला झगमगणाऱ्या इमारती आहेत आणि दुसऱ्या टोकाला लुगड्याखाली झाकलेल्या कुरडया आहेत. मी तिला आमच्या अर्थ अवरविषयी सांगितले तेव्हा तिने अगदी सरळपणे विचारले, "त्या तासाला इकडची चिमणी थांबत असते का गं?"

थांबत नाही. कोळशाचा संच तासाभरासाठी विझवता येत नाही. एकदा थंड झालेला बॉयलर पुन्हा पेटवून मूळ पदावर आणायला कित्येक तास लागतात आणि त्यासाठी आधी तेल जाळावे लागते. मागणी घटली तर संच थोडा खाली उतरवतात, तोही निम्म्याच्या थोडा वरपर्यंतच, आणि खाली उतरलेला संच प्रत्येक युनिटमागे उलट जास्त कोळसा खातो. चिमणी थांबायची असेल तर मागणी महिनोन्महिने, रोजच्या रोज, ठरावीक वेळी कमी राहावी लागते. हे मी तिला सांगितले. तिने मान हलवली आणि कुरडया मोजत डब्यात भरत राहिली.

रोजच्या रोज कमी होणारी मागणी आपल्या देशात घडलीच नाही असे नाही. २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना सुरू झाली आणि तिच्यातून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब घरोघरी गेले. साठ वॅटच्या जागी नऊ वॅट. लाईट बिल दाखवून बल्ब मिळत होते, अण्णा रांगेत उभे राहून ते घेऊन आले, घरातले सगळे जुने बल्ब त्यांनी एका दुपारी उतरवले, आणि त्या दुपारी कोणी फोटो काढले नाहीत. उपकरण किती वीज वाचवते हे सांगणारे त्याच्यावरचे तारे २००६ पासून आले. १ जानेवारी २०२० पासून नवा एसी सुरू होतो तोच २४ अंशांवर. एक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगत आला आहे. पंच्याहत्तर वॅटच्या पंख्याच्या जागी आता तीसच्या आतले पंखे मिळतात. या गोष्टी एकदा केल्या की वर्षानुवर्षे चालतात, आणि त्यांच्यात अंधार नाही, चंद्र नाही, शिट्टी नाही. त्या कंटाळवाण्या आहेत, आणि मला त्यांच्याविषयी जे प्रेम वाटते ते मला नीट शब्दांत सांगता येत नाही. दिवे मात्र आता इतके थोडे खातात की ते मालवून फारसे काही उरत नाही. नेमक्या त्याच वर्षांत एसी घराघरांत आले. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली, आणि त्या दिवशी आमच्या घरातला एसीही चालूच होता. पुण्याच्या रात्री पूर्वीसारख्या गार होत नाहीत आणि मुलगी उकाड्याने रडत उठते तेव्हा मी हिशेब मांडत बसत नाही. हे लपवून लिहिणे मला जमणार नाही.

त्या होळीनंतर मी सोसायटीच्या सभेत पाण्याच्या मोटारीचा विषय काढला. साडेसात एचपीची ती मोटार तासाला साडेपाच युनिटांच्या वर वीज घेते. पहारेकरी ती चालू करून इतर कामांना जातो, टाकी भरून वाहू लागते आणि ओरडा झाला की ती बंद होते; रोज अर्धा तास तरी पाणी भिंतीवरून वाहून जाते. चौऱ्याऐंशी घरांनी प्रत्येकी चार दिवे तासभर मालवले तर मिळून तीन युनिटे वाचतात. मोटार रोज जवळजवळ तेवढी वीज ओसंडणाऱ्या पाण्यात घालवत होती, त्या रात्री त्या सुंदर अंधारातही घालवत होती, आणि तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला होता. टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवावा, असे मी म्हटले. कोणाचा विरोध नव्हता. पुढच्या सभेत पाहू, कोटेशन मागवू, आता पाणीपट्टीचा विषय महत्त्वाचा आहे, असे होत होत पुढची फेब्रुवारी उजाडली. एका दुपारी प्लंबर आला, तासाभरात तो स्विच बसवून गेला. त्या रात्री भिंत कोरडी राहिली. मी गच्चीवर जाऊन, ओल गेलेल्या त्या भिंतीवर हात ठेवून पाहिला.

२०२५ च्या मार्चमध्ये पुन्हा अर्थ अवर आला. सूचना या वेळी दुसऱ्या कोणी तरी लिहिली होती. तिच्यात जिन्यातले दिवे चालू राहतील असे एक वाक्य घालण्याची विनंती मी केली आणि ते घातले गेले. दिवे मी मालवले. मुलीला ते आवडते आणि मलाही आवडते. तिच्या आयुष्यात वर्षातून एक तास कडुलिंबाच्या वासाचा असावा, एवढे मला वाटते. पण ती खाली मेणबत्त्यांपाशी फार वेळ थांबली नाही. अण्णांना आता जिना उतरवत नाही. ते गॅलरीत बसले होते, आणि त्यांचे घड्याळ तिने मनगटावर चढवून आणले होते, ते कोपरापर्यंत सरकत होते. मीटरच्या खोलीत आम्ही दोघी उभ्या राहिलो. आमचा ठिपका तिला बरोबर सापडला. घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवून ती मोठ्याने मोजत होती. आठ, नऊ, दहा, अकरा, आणि ठिपका लुकलुकला. तिने पुन्हा मोजले, पुन्हा अकरा आले. शेजारचा ठिपका थांबत नव्हता. तिने माझ्याकडे पाहिले, काही विचारले नाही, आणि तोही मोजायला घेतला.